दारातली ओढणी

"ओढणी घेऊन येतोय. फाटक उघडून ठेव," असं नवऱ्याने फोनवर सांगितलं, तेव्हा काकू एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होत्या. आधी त्यांना कौतुकच वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने आपण होऊन कधी साधा हातरुमालसुद्धा आणला नव्हता. मग लक्षात आलं की ओढणीसाठी कुणी फाटक उघडायला सांगत नाही. तोवर गल्लीच्या तोंडाशी घरघर सुरू झाली होती आणि शेजारपाजारच्या खिडक्यांमधून डोकी बाहेर आली होती.

ओढणी म्हणजे डेपोतला जुना ट्रक. बंद पडलेल्या, खड्ड्यात गेलेल्या, उलट्या झालेल्या गाड्या ओढून आणणं हे त्याचं काम, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला हे नाव पाडलं होतं. लांब नाकाचा, दहा चाकांचा, बैलासारख्या खांद्यांचा ट्रक. काकूंचा नवरा त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता आणि निवृत्त झाल्यावरही सगळ्या गल्लीसाठी फोरमनच राहिला होता. ओढणी भंगारात निघाली हे कळल्यावर फोरमनांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून ती मिळवली. आता दुसऱ्या एका ट्रकने तिला खेचत आणलं होतं. चाकांत हवा नाही, क्रेनचा हात काढून आडवा टाकलेला, बॉनेटवर कुठल्याशा पक्ष्याचं घरटं.

"किती दिवस?" काकूंनी विचारलं.

"दोन-तीन महिने धर. इंजिन उघडतो, झाकतो, बाहेर काढतो."

काकूंनी दोन-तीन महिने धरले. चूक तिथेच झाली.

घराच्या पुढच्या खोलीत काकूंचं शिवणकाम चाले. तिला एकच मोठी खिडकी होती आणि त्या उजेडावर त्यांचं सगळं बारीक काम अवलंबून होतं. ओढणी बरोब्बर त्या खिडकीसमोर उभी राहिली. दिवसाढवळ्या दिवा लावून काज करायची वेळ आली. गिऱ्हाइकांना फाटकातून आल्यावर भिंत आणि चाकं यांच्यामधून तिरकं होऊन दारापर्यंत यावं लागे. एक जरा अंगाने भरलेल्या शिक्षिका होत्या, काकूंच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या एकदा अर्ध्या वाटेत अडकल्या आणि त्यानंतर फोनवरूनच माप सांगायला लागल्या. फोनवर मापं माणूस नेहमी मनाला येईल तशी सांगतो, हे काकूंना ठाऊक होतं. दोन ड्रेस उसवावे लागले.

इंजिन सुटं होत गेलं तसं घर भरत गेलं. पिस्टन बाथरूममधल्या बादलीत रॉकेल पीत पडले. कनेक्टिंग रॉड पलंगाखाली गेले. नोझल कपाटात, काकूंच्या चांगल्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात, मऊ फडक्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखे. एक दिवस काकूंनी फ्रीजर उघडला.

"अहो, मटारच्या पिशवीत या लोखंडी कड्या कसल्या आहेत?"

"व्हॉल्व्हच्या सीट आहेत. गार झाल्या की आकसतात, मग हेडमध्ये अलगद बसतात. राहू दे तशाच."

"आणि मटार?"

"ते मी बाहेर काढले."

"कुठे ठेवले?"

फोरमनांनी प्रामाणिकपणे विचार केला, पण आठवलं नाही. मटार दोन दिवसांनी वासावरून सापडले.

काकूंनी मुलीला फोन करून गाऱ्हाणं घातलं. मुलगी लांब नोकरीला होती आणि लांबून सगळंच गोड दिसतं.

"आई, बाबांना काहीतरी हवं ना करायला. रिटायर झालेली माणसं एकदम खचतात."

"खचू देत की जरा. सध्या मी खचतेय."

दोन-तीन महिन्यांचं वर्ष झालं. एका पांढऱ्या कोटाच्या पाठीवर ग्रीसचा अंगठा उमटला आणि तो कोट काकूंना पदरचं कापड घालून पुन्हा शिवावा लागला. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आता आपणच हातपाय हलवायचे. त्यांनी दिराला फोन लावला.

दीर म्हणजे फोरमनांचा धाकटा भाऊ. पूर्वी हाच ओढणीचा ड्रायव्हर होता. एक भाऊ तिला दुरुस्त करायचा, दुसरा चालवायचा, आणि दोघांचं मेतकूट असं होतं की डेपोत त्यांना लोक जोडीनेच हाक मारत. मग एकदा एक भरलेला टँकर ओढत गावाबाहेरचा मोठा चढ चढताना भाऊजींना गिअर पडेना. गिअरचे दात करकरले, गिअरबॉक्स फुटली, ओढणी मागे घसरत जाऊन कठड्याला टेकली. माणसं वाचली, पण चौकशी झाली. फोरमनांनी डेपोत गाडी तपासली. क्लच ठीक, पेडल ठीक. त्यांनी आपलं मत दिलं की ड्रायव्हरने क्लच पुरता दाबला नाही. भाऊजी म्हणत राहिले की मी पुरता दाबला होता. त्यांना ओढणीवरून उतरवून गेटवर बसवलं, आणि काही दिवसांनी ते नोकरी सोडून दुसऱ्या गावी निघून गेले. तेव्हापासून दोघे भाऊ लग्नाकार्यात भेटत आणि पाऊसपाण्याबद्दल बोलत.

काकूंना हे सगळं माहीत होतं. पण खिडकीतला उजेड गेलेल्या बाईला दुसरं काही सुचत नाही.

"भाऊजी, तुमची ओढणी माझ्या दारात पसरली आहे. या आणि एकदाची हलवा."

भाऊजी बॅग घेऊन आले. फाटकातच उभं राहून त्यांनी ट्रककडे बराच वेळ पाहिलं, मग आत येऊन म्हणाले, "वहिनी, मी तुमच्यासाठी आलोय. दादासाठी नाही."

"कुणासाठीही या, पण हलवा."

चार हातांनी काम दुप्पट वेगाने होईल असा काकूंचा हिशेब होता. प्रत्यक्षात ते निम्म्यावर आलं. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. फोरमनांना प्रत्येक नट मूळचा हवा होता, तो गंजलेला असला तरी घासून, पुसून, पुन्हा तोच. भाऊजी म्हणत, नवा घाल आणि मोकळा हो. एकाला मूळचा करडा रंग हवा होता, दुसऱ्याला पिवळा, कारण रस्त्यावर तो लांबून दिसतो. बरं, भांडायचं तर समोरासमोर भांडावं, तेही नाही. एक ट्रकखाली आडवा, दुसरा इंजिनवर ओणवा, आणि दोघांच्या मधोमध खिडकीपाशी मशीनवर बसलेल्या काकू.

"वहिनी, दादाला सांगा, गॅस्केट उलटं धरलंय."

"त्याला सांग, मी हे त्याच्या जन्माआधीपासून धरतोय."

"वहिनी, दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनीच मोठा आहे."

काकू मशीनचं पेडल जोरात दाबत, म्हणजे दोघांचाही आवाज ऐकू येणार नाही. पण मोटर किती वेळ आरडणार? धागा संपला की पुन्हा "वहिनी".

तरीही काम पुढे सरकत होतं, हे काकूंनाही नाकारता आलं नसतं. सिलिंडरला नवे लायनर बसले. क्रॅंक घासून आला. फ्रीजर मोकळा झाला. क्रेनचा हात पुन्हा पाठीवर चढला, आणि भाऊजींनी कुठून कुठून शोधून दहाही चाकांना नवी टायरं आणली, मूळच्यापेक्षा जरा रुंद. त्यावरून दोन दिवस अबोला झाला.

पंप बसवायच्या वेळी फोरमनांची कंबर धरली. डिझेलचा पंप म्हणजे इंजिनचं काळीज. किती डिझेल कधी सोडायचं ते तो ठरवतो. फोरमनांनी तो मागेच दुरुस्त करून, तेल लावून, फडताळात वर ठेवून दिला होता आणि भावाला बजावलं होतं की त्याला हात लावायचा नाही. आता ते उताणे पडलेले, पाठीला शेक घेत. भाऊजींनी पंप खाली काढला, जसा होता तसा नेऊन बसवला, पाइप जोडले आणि वहिनीमार्फत निरोप पाठवला की पंप बसला. फोरमनांनी विचारलं, "नीट बसला का म्हणावं." उत्तर आलं, "नीट बसला." एवढ्यावर विषय संपला.

फोरमन उठून चालायला लागले तेव्हा सुरू करून बघायचा दिवस ठरला. दुपारची वेळ होती. काकू आत इस्त्री करत होत्या. एका शर्टाची कॉलर दाबून सपाट करायची म्हणून हातात जाड लाकडी फळी होती. बाहेर फोरमन केबिनमध्ये चढले. बॉनेट अजून लावलेलं नव्हतं, हवेची गाळणीही नव्हती. इंजिनच्या बाजूला नुसतं हवा ओढायच्या पाइपचं उघडं तोंड दिसत होतं. भाऊजी खाली उभे राहिले.

सेल्फने दोनदा कण्हून घेतलं आणि तिसऱ्यांदा इंजिनने धरलं. आधी एक सिलिंडर, मग दोन, मग सगळे. जमीन थरथरली. भाऊजींच्या तोंडावर हसू आलं. आतून काकूंनाही क्षणभर वाटलं, चला, सुटलो.

पण आवाज तिथे थांबला नाही. तो चढत गेला. फोरमनांचा पाय पेडलवर नव्हताच, तरी इंजिन पळत सुटलं. त्यांनी बंद करायची दांडी ओढली, काही झालं नाही. पुन्हा ओढली, तर ती हातात आली. सायलेन्सरमधून काळा धूर उसळला आणि आवाजाची किंकाळी झाली. खिडकीची तावदानं खडखडायला लागली. फोरमन केबिनमधून ओरडत होते, "डिझेल तोड, डिझेल तोड." भाऊजी पाना शोधत होते, आणि तो नेमका आदल्या वादात कुणीतरी कुठेतरी आपटला होता.

"हवा अडव," फोरमन ओरडले आणि खाली उतरायला लागले. कमरेने दगा दिला. ते पायरीवरच अडकले.

काकू बाहेर आल्या त्या मुळात दोघांना खडसावायला. समोर त्यांनी ते उघडं तोंड पाहिलं. त्यांच्या अंगावरचे दोऱ्याचे तुकडे सुटून त्या तोंडाकडे उडत होते. अडव म्हणाले ना? त्यांनी हातातली फळी दोन्ही हातांनी त्या तोंडावर दाबली. फळी चपकन चिकटली, कुणी आतून खेचल्यासारखी. इंजिन अडखळलं, खोल आवाजात कण्हलं, एकदा सगळा ट्रक हादरला आणि बंद पडलं.

सगळीकडे धूर होता. शेजारचं कुत्रं भुंकत होतं.

"झालं?" काकूंनी विचारलं.

आणखी थोडा वेळ गेला असता तर इंजिनचे तुकडे भिंतीपार गेले असते, हे त्यांना नंतर कळलं. त्या क्षणी दोघा भावांना ते सांगायला फुरसत नव्हती. ते एकमेकांवर तुटून पडले होते, आणि पहिल्यांदाच थेट, वहिनीला मध्ये न घेता.

"पंपाची आतली पट्टी हलवून बघितली नाहीस?"

"तूच म्हणालास, हात लावू नकोस."

"बसवताना तरी बघायची. वर्षभर पडून तेल चिकट झालं असणार. पट्टी फुल डिझेलवर अडकली."

"मग दुरुस्त करून ठेवणाऱ्याने सांगायचं, की बाबा, बघून बसव."

"हे सांगावं लागतं? ड्रायव्हर तो ड्रायव्हरच."

भाऊजी आत गेले आणि बॅग भरायला लागले. फोरमन पायरीवर कंबर धरून बसून राहिले, दुसरीकडे बघत.

काकूंनी फळी खाली ठेवली. तिच्यावर पाइपच्या कडेचा गोल काळा ठसा उमटला होता, म्हणजे तीही गेली. त्या आत गेल्या, भाऊजींच्या हातातून बॅग घेतली आणि बाहेर आणून ओढणीच्या केबिनमध्ये ठेवली.

"ऐका दोघंही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच फोरमनांनी मान वळवली. "वर्षाच्या वर झालं, मी दिव्यावर शिवतेय. माझी गिऱ्हाइकं गेली. माझ्या साड्यांना डिझेलचा वास येतो. आज तुमच्या दोघांच्या मौनापायी माझ्या घराच्या भिंतीला भोक पडलं असतं. कुणाचं चुकलं ते मला ऐकायचं नाही. ही गाडी इथून हलेपर्यंत कुणीही हलणार नाही. बॅगसुद्धा तिच्यातच राहील."

"वहिनी, पण दादा..."

"दादा नाही आणि वहिनी नाही. मी माप घेते तेव्हा आकडा मोठ्याने बोलते, लिहिणारा तोच आकडा परत बोलतो. तेव्हा कुठे कापड कापते. तुम्हीही तेच करायचं. जो काम करेल त्याने केलेलं मोठ्याने सांगायचं. दुसऱ्याने स्वतःच्या हाताने ते तपासायचं आणि बोलायचं. मी इथे बसून दोन्ही ऐकणार. मधल्यामध्ये कुणी 'नीट आहे' म्हणायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी आपलं हातशिलाईचं काम केबिनमध्येच नेलं. नाहीतरी तिथल्या फाटक्या सीटला रेक्झिन चढवायचं होतं, ते काम कधीचं त्यांच्याच गळ्यात पडलेलं होतं. जाड सुई, मेणाचा दोरा आणि खालून दोघांची कुरकुर.

"पंप उघडला," भाऊजी एखादं वाईट औषध घ्यावं तसं म्हणाले.

"बघितला," फोरमन.

"कशाने बघितला?" काकू वरून.

"हाताने बघितला. पट्टी मोकळी केली. हलतेय."

"भाऊजी?"

"हलतेय," भाऊजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जरा जास्तच मोकळी वाटत नाही?"

"नवीन असताना एवढीच असते," फोरमन म्हणाले, आणि काकूंच्या लक्षात आलं की हे वाक्य त्यांच्यामार्फत गेलं नव्हतं.

असं करता करता गाडी जुळत गेली. त्यात काही गोडवा होता असं नाही. दोघे तितकेच भांडत होते, फक्त आता समोरासमोर, आणि काकूंना ते सगळं बिनव्यत्यय ऐकावं लागत होतं. रंगाचा वाद त्यांनी एका वाक्यात मिटवला. खोलीत उजेड परावर्तित होईल असा फिका पिवळा, कारण निघेपर्यंत तो माझ्या खिडकीसमोर असणार. फोरमनांनी तोंड वाकडं केलं, पण लावला.

इंजिन पुन्हा सुरू केलं तेव्हा काकू दुसरी फळी घेऊन पाइपपाशीच उभ्या होत्या. त्याची गरज पडली नाही. इंजिन चाललं, संथ आणि जड, आणि दांडी ओढल्यावर निमूट बंद झालं.

मग कळलं की ओढणी फाटकातून बाहेर जाणार नाही.

आली तेव्हा ती बिनहवेची होती, क्रेनशिवाय होती आणि जुन्या अरुंद चाकांवर होती. आता तिची लांबी वाढली होती, रुंदी वाढली होती, आणि गल्लीत वळायला जागा मुळातच कमी. फोरमन टेप घेऊन मापं घेत राहिले. भाऊजी म्हणाले, टायर काढून पुन्हा जुनी घालू. फोरमन म्हणाले, मग तेव्हाच ऐकायचं होतं. भाऊजी म्हणाले, क्रेन उतरव. फोरमन म्हणाले, क्रेन उतरवायची तर परत चढवणार कोण, तुझा काका?

"खांब पाडा," काकू म्हणाल्या.

दोघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. फाटकाचा तो विटांचा खांब फोरमनांनी स्वतः बांधला होता.

"अगं, पण तो..."

"पाडा. नाहीतर मी पाडते."

भाऊजींनी घण घेतला. दुपारपर्यंत खांबाच्या जागी विटांचा ढीग होता आणि ओढणी अंगण सोडून गल्लीत उभी होती. पुढच्या खोलीत ऊन आलं. काकूंनी ते पाहिलं आणि पाहता पाहता त्यांना जमिनीवरची, कपाटांवरची, मशीनच्या खालची सगळी धूळही दिसली. त्यांनी दार ओढून घेतलं. आज ते बघायचं नव्हतं.

गावाबाहेर, चढाच्या पलीकडे, भाऊजींच्या ओळखीच्या एका माणसाचं ट्रकचं मोठं आवार होतं. तो जागा द्यायला तयार होता. त्याला स्वतःच्या गाड्या ओढायला अशी गाडी हवीच होती. ठरलं की ओढणी तिथे न्यायची. कोण चालवणार याबद्दल कुणी काही बोललं नाही. भाऊजी स्टिअरिंगला बसले, फोरमन दुसऱ्या बाजूला, आणि काकू मध्ये, आपणच शिवलेल्या सीटवर. त्यांना यायचं नव्हतं. पण दोघांनी मिळून, एकदाच काय ते एकमताने, आग्रह केला. त्यांना कुणीतरी मध्ये हवं होतं.

गावातून ओढणी छान गेली. लोक थांबून बघत होते. भाऊजींचा चेहरा बघून काकूंना ते नोकरीला लागले तेव्हाचे दिवस आठवले. मग चढ लागला. मागे परीक्षेसाठी म्हणून त्याच ओळखीच्या माणसाचा एक बंद ट्रक जोडला होता, भरलेला. वळणावर इंजिनचा आवाज खोल गेला. भाऊजींनी क्लच दाबला, गिअर खाली घ्यायला दांडी ओढली, आणि पायाखाली दात करकरले.

भाऊजींनी दांडी मोकळी सोडली, ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला. ओढणी थांबली. त्यांचा डावा पाय अजून पेडलवर होता, थेट तळापर्यंत. काकूंना तो दिसत होता. फोरमनांनाही दिसत होता.

"पुरता दाबलास?" फोरमनांनी विचारलं.

"बघ ना. पुरता दाबलाय." आवाज अगदी सपाट होता. "तेव्हाही दाबला होता."

फोरमन खाली उतरले. चाकांना दगड लावले, कमरेचं दुखणं विसरून ट्रकखाली शिरले. "दाब," खालून आवाज आला. "सोड. दाब." असं खूप वेळ चाललं. काकू घामाघूम होऊन मध्येच बसलेल्या. मागून गाड्या कर्कश भोंगे वाजवत पुढे जात होत्या. शेवटी फोरमन बाहेर आले आणि दारापाशी उभे राहिले. हात काळे, कपाळाला धूळ.

"पेडलची कांब ज्या कानात बसते," ते म्हणाले, "तो लोखंडी कान चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला आहे. चढावर, वजन मागे असलं की चेसिस पिळतं, आणि कान वाकतो. पेडल तळाला जातं, पण क्लच सुटत नाही. मी बघितलं तेव्हा गाडी डेपोत सपाटीवर होती. रिकामी."

"म्हणजे तेव्हाही तसंच झालं होतं," काकू म्हणाल्या.

"असेल."

वर्षभराचा दिवा, मटार, पांढरा कोट, काळी पडलेली फळी, फाटकाचा खांब, सगळं काकूंच्या घशाशी आलं. "असेल? हा माणूस घर सोडून गेला, इतकी वर्षं सणासुदीलासुद्धा पाहुण्यासारखा आला आणि गेला, आणि तुम्ही म्हणता असेल? मोठ्याने बोलायचं ठरलं आहे आपलं."

फोरमनांनी हात पँटीला पुसले. ते काही पुसले जाण्यातले नव्हते.

"तसंच झालं होतं," ते म्हणाले. ते काकूंकडे बघत नव्हते, भावाकडे बघत होते. "तू क्लच दाबला होतास. मी सपाटीवर बघून मोकळा झालो."

भाऊजींनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"ऐकलं," ते म्हणाले. "आता कानाला आधार काय देणार?"

"पट्टी वेल्ड करावी लागेल. तोवर तारेने बांधू."

"तार नको. जॅकची कांब आहे मागे, ती अडकव."

"ती सरकेल."

"नाही सरकत."

काकू खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि या दोघांपुढे यातलं काहीही करायची त्यांची तयारी नव्हती. कांब आणि तार दोन्ही लावून, म्हणजे दोघांचंही ऐकून, ओढणी एकदाची निघाली आणि चढ चढून गेली.

तिला आवारात लावून तिघे बसने घरी आले. भाऊजींची बॅग त्यांच्या मांडीवर होती. काकूंना वाटलं, आता उद्या हे निघतील. त्यांनी मनातल्या मनात निरोपाची तयारीही केली. पण सकाळी भाऊजी उठले, बाहेर गेले आणि विटांच्या ढिगापाशी उभे राहिले.

"वहिनी, हा खांब असा कसा ठेवायचा? फाटक कशाला लटकवणार?"

फोरमन मागोमाग आले. त्यांच्या हातात ओळंबा होता.

काकूंनी खिडकी उघडली. खोलीत भरपूर उजेड होता आणि त्या उजेडात एक पडदा शिवायला घेतला होता. बाहेर सिमेंटमध्ये वाळू किती यावरून सुरुवात झाली, मग खांब जुन्या जागी बांधायचा की दोन फूट बाजूला, मग विटा भिजवल्या की नाही. कुणीही वहिनीला हाक मारत नव्हतं. त्या शिक्षिका फोनची मापं सोडून आज स्वतः आल्या होत्या, अगदी सरळ चालत, आणि दारात थांबून मागे वळून बघत होत्या.

"हे काय चाललंय?"

"फाटकाचा खांब बांधतायत."

"आज होईल का?"

काकूंनी बाहेर पाहिलं. एक वीट बसली होती. फोरमन ती काढत होते.

"हात वर करा," त्या म्हणाल्या आणि टेप सोडला. "आणि श्वास आत ओढून धरू नका, खरं माप येऊ दे."